निर्वासित, शरणार्थी की विस्थापित?

भाषांतरवाली:
एका मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. विषय असा की जगभरच्या रेफ्युजींना आणि डिस्प्लेस्ड लोकांना सांभाळणं ही एखाद्या देशाची जबाबदारी कुठवर. मी रेफ्युजीला सगळीकडे 'निर्वासित' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे खोडून 'शरणार्थी' केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "हल्ली टीव्हीवर हेच म्हणतात." एवढ्यावर मी गप्प बसले असते, पण एक वाक्य अडून बसलंय. संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी आहे: २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसांना बळजबरीने घर सोडावं लागलेलं होतं. त्यांत रेफ्युजी ४ कोटी २७ लाख, आपल्याच देशात डिस्प्लेस्ड ७ कोटी ३५ लाख, असायलम सीकर ८४ लाख. एकाच वाक्यात तीन वेगळे शब्द लागणार. कुणी सुचवेल का?

कोल्हापूरकर:
निर्वासितच. शरणार्थी हिंदीतून आलाय. विषय संपला.

निवृत्त मास्तर:
इतक्या लवकर संपत नसतो हो. निर् + वस् (राहणे), त्याचं प्रयोजक रूप आणि पुढे क्त प्रत्यय. म्हणजे आपणहून बाहेर पडलेला नव्हे, दुसऱ्या कुणी बाहेर काढलेला. संस्कृतात याचा अर्थ सरळ हद्दपार असा आहे, आणि हिंदीत आजही तोच. म्हणून हिंदीवाल्याला आपला 'निर्वासित' शिक्षा झालेल्या माणसासारखा ऐकू येतो.

'रघुवंशा'च्या चौदाव्या सर्गात लक्ष्मण सीतेला सोडून निघतो तेव्हा ती रामासाठी निरोप देते:

नृपस्य वर्णाश्रमपालनं यत् स एव धर्मो मनुना प्रणीतः ।
निर्वासिताप्येवमतस्त्वयाहं तपस्विसामान्यमवेक्षणीया ॥

वर्णाश्रमाचं पालन हा राजाचा धर्म मनूने सांगितलाय, तेव्हा तू घराबाहेर काढलेली असले तरी इतर तपस्व्यांवर लक्ष ठेवतोस तितकं तरी माझ्यावर ठेव. 'निर्वासिता' हा शब्द इथे नेमका बसलाय. बायको म्हणून ती काही मागत नाही. राजा म्हणून तुझ्यावर जे येतं तेवढं कर, एवढंच म्हणते. तुमच्या लेखाचा विषय कालिदासाने दोन ओळींत उरकलाय.

भाषांतरवाली:
मास्तर, हे लेखात घालता आलं असतं तर! पण मूळ लेखक जिनिव्हाचा आहे.

पुण्याची कुणीतरी:
मराठीत 'शरण' म्हटलं की हार पत्करणं आधी आठवतं. किल्ला शरण येतो, डाकू शरण येतात, आरोपी पोलिसांना शरण जातो. देवाला शरण जाणं हा अर्थ आहेच, पण सीमा ओलांडून आलेल्या बाईला आपण देवही नाही आणि सेनापतीही नाही. म्हणून 'शरणार्थी' मला खटकतो. आणखी एक. 'अर्थी' म्हणजे इच्छिणारा, मागणारा: विद्यार्थी, परीक्षार्थी, लाभार्थी. आसरा मिळाल्यावरही त्याला शरणार्थीच म्हणत राहायचं? पदवी घेऊन वीस वर्षं झाली तरी विद्यार्थी म्हणण्यासारखं आहे ते. खरं तर हा शब्द तुमच्या असायलम सीकरला चपखल बसतो, ज्याचा अर्ज अजून टेबलावर पडलाय.

उल्हासनगरहून:
मी सिंधी, शाळा मराठी. आमच्या आजोबांना दोन्ही शब्द चालत नसत. बाजारात कुणी 'निर्वाशी' म्हटलं की दिवसभर धुमसायचे. आणि शरणार्थी म्हटलं की विचारायचे, "शरण कुणाला गेलो आम्ही? पुरुषार्थी म्हणा." फाळणीनंतर पंजाबी लोकही हेच म्हणत, हे मला फार नंतर कळलं. कल्याणजवळच्या लष्कराच्या जुन्या छावणीत सुमारे लाखभर माणसं आणून ठेवली होती. १९४९ साली राजगोपालाचारींनी तिला उल्हासनगर नाव दिलं. आमच्या तोंडी मात्र अजून कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार. रिक्षावाल्याला दुसरा पत्ता सांगितलात तर तोच उलट विचारेल, "म्हणजे कोणता कॅम्प?"

सरकारने आमच्यासाठी शब्द निवडला तो मात्र 'विस्थापित'. नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा १९५४ चा जो कायदा आहे, त्याच्या नावातच डिस्प्लेस्ड पर्सन्स आहे, रेफ्युजी नाही. आम्ही परके नव्हतोच, कालपर्यंत देश एकच होता. आजोबांना हा शब्द चालायचा. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यात कुणापुढे हात पसरलेला दिसत नाही म्हणून.

साताऱ्याचा:
विस्थापित म्हटलं की आमच्याकडे धरण. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा माणसं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी पांगली. त्यांच्यासाठी बोलीत आणि दाखल्यावर दोन्हीकडे 'धरणग्रस्त', पुढे 'प्रकल्पग्रस्त'. हा 'ग्रस्त' ग्रहणातला. राहू चंद्राला ग्रासतो, तसं धरणाने माणसाला. भाषेच्या दृष्टीने झकास, पण दोष कुणाचा ते त्यात कुठेच नाही. पूरग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त एका माळेत ओवले की प्रकल्पही आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

वकील, मुंबई:
कायद्याच्या बाजूने थोडं. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार रेफ्युजी म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने जो आपल्या देशाबाहेर आहे तो. 'देशाबाहेर' हा शब्द महत्त्वाचा. सीमा ओलांडली नाही तर तो माणूस या करारात बसतच नाही. सात कोटींवर लोक त्या वेगळ्या रकान्यात आहेत ते यामुळे. त्यांना विस्थापित म्हणा, वाद नाही. (काश्मिरी पंडितांना सरकारी कागदावर इतकी वर्षं 'मायग्रंट' म्हटलं गेलं, म्हणजे स्थलांतरित. जणू नोकरीसाठी गेले.)

पुण्याच्या ताईंच्या मुद्द्याला एक दुरुस्ती. अर्ज मंजूर झाला म्हणून कुणी रेफ्युजी होत नाही. तो आधीपासून असतो, सरकार फक्त मान्य करतं. त्यामुळे असायलम सीकर आणि रेफ्युजी यांच्यात जी भिंत दिसते ती कागदाची आहे.

भारताने या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. आधी १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा होता, आता २०२५ चा नवा आला, पण दोन्हींच्या नजरेत माणूस एक तर नागरिक, नाही तर परकीय. आणि याच देशाने १९५९ नंतर तिबेटी लोकांना वसवलं, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या जवळजवळ एक कोटी माणसांना जेवू घातलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातल्या चकमा लोकांच्या खटल्यात सांगितलं की जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे आणि तो राज्याने राखायचा. म्हणजे काम आपण केलंय, त्याला कायद्यात शब्द दिला नाही. शब्द नसला की या वर्षीची दया पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. माझी खरी तक्रार ती आहे, मग मराठीत निर्वासित म्हणा की आणखी काही.

पोस्टाची तिकिटं जमवणारा:
१९७१ चा विषय निघाला म्हणून. तेव्हा प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, त्यावर देवनागरीत 'शरणार्थी सहायता'. ते लावून आलेलं पत्र मराठी माणूस वाचायचा आणि सांगायचा, "निर्वासितांसाठी पाच पैसे जास्त पडतात." दोन्ही शब्द एकाच लिफाफ्यावर नांदले.

चेन्नईहून:
तमिळमध्ये रेफ्युजीला 'अगदी' म्हणतात. ऐकायला आपलं 'अगदी', पण मूळ संस्कृत 'अगति', ज्याला गती नाही, जायला वाट नाही तो. आपला 'अगतिक' त्याचाच भाऊ! २०२१ मध्ये तमिळनाडूच्या स्टालिन सरकारने श्रीलंकेतून आलेल्या तमिळांच्या छावण्यांच्या नावातून हा शब्द काढला आणि 'पुनर्वसन छावणी' अशा अर्थाचं नाव दिलं. हे लोक अनाथ नाहीत, आम्ही त्यांच्यासोबत आहोत, असं कारण सांगितलं. माझ्या कामवाल्या अक्कांचं माहेर अशाच एका छावणीत आहे. नाव बदललं त्या आठवड्यात मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, पाटी नवी आहे, नळाला पाणी मात्र अजून एक दिवसाआडच.

बर्लिनहून:
जर्मनमध्ये 'फ्ल्युख्टलिंग' म्हणजे पळून आलेला. २०१५ चा वर्षाचा शब्द हाच होता. काहींना त्यातलं शेवटचं 'लिंग' हिणकस वाटतं, ते 'गेफ्ल्युख्टेटे' म्हणतात. (हसू नका, मी इथे रोज बोलतो हे.) पण दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकललेल्या सव्वा कोटीच्या आसपास जर्मनांसाठी शब्द वेगळा, 'फेअरट्रीबेनं', म्हणजे हाकलून दिलेले. अक्षरशः आपला निर्वासित. आपल्या माणसांसाठी 'हाकललेले' आणि बाहेरच्यांसाठी 'पळालेले'. इथे कुणी हे उघड बोलत नाही, पण शब्दांची वाटणी तशी झालीय.

खालच्या मजल्यावर तुर्की कुटुंब आहे, त्यांच्याकडून कळलेलं. सीरियाचे लोक २०११ पासून तुर्कस्तानात येऊ लागले तेव्हा सरकार त्यांना 'मिसाफिर' म्हणायचं. शब्द अरबी, आपला मुसाफीर तोच, पण तुर्कीत त्याचा अर्थ पाहुणा. पाहुण्याचं आदरातिथ्य करायचं असतं, त्याला हक्क नसतात आणि त्याने कधीतरी उठायचं असतं. तुर्कस्तानने १९५१ चा करार मान्य केलाय तो फक्त युरोपातून येणाऱ्यांपुरता, त्यामुळे सीरियन माणूस तिथे कायद्याने रेफ्युजी होऊच शकत नाही. २०१४ मध्ये 'तात्पुरतं संरक्षण' असा नवा वर्ग काढला. एके काळी असे ३५ लाखांहून जास्त पाहुणे होते.

कंपाला रिटर्न:
स्वाहिलीतही 'म्किंबिझी' म्हणजे पळणारा. युगांडाने १९७२ मध्ये आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन घालवलं, ते मास्तरांच्या व्याख्येत तंतोतंत निर्वासित. आज तोच देश आफ्रिकेत सर्वांत जास्त निर्वासित सांभाळतो, २००६ च्या कायद्याने कामाची मुभा देतो, वसाहतींत राहायला-पिकवायला जमिनीचा तुकडा देतो. श्रीमंत देशांना हे ऐकवायला हवं.

कोल्हापूरकर:
मी वर एका ओळीत उरकलं होतं, आता लिहितोच. आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि पोरं. रशियाने घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे इथवर आलेली. युद्ध संपलं तरी बऱ्याच जणांना परतायला जागा नव्हती, त्यांचं गावच दुसऱ्या देशात गेलं होतं. ते गेले आणि त्याच जागेत सिंधी कुटुंबं आली. आता ते गांधीनगर, कपड्यांचा मोठा बाजार. म्हणजे एकाच जागेत आधी हाकललेले राहिले, मग विस्थापित, आणि आता व्यापारी. लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्याला यातलं काही माहीत नसतं.

माझी आजी त्या बाजूची. तिच्या तोंडी यातला एकही शब्द नव्हता. म्हणायची, "ती परागंदा झालेली माणसं रं." परागंदा फारसीतला, विखुरलेला. जुन्या कागदांत रयत परागंदा होते आणि तिला कौल देऊन परत आणतात. आता मात्र कर्ज बुडवून पळालेल्याला परागंदा म्हणतात. शब्दही आपली जागा सोडून असा हिंडत राहतो.

गोंदियाकर:
अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. आम्ही निर्वासित, शरणार्थी काहीच म्हणत नाही. तिबेटी कॅम्प.

भाषांतरवाली:
सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय: "त्यांपैकी ४ कोटी २७ लाख निर्वासित, ७ कोटी ३५ लाख देशांतर्गत विस्थापित आणि ८४ लाख आश्रयार्थी." ताईंचा मुद्दा पटला, पण 'शरणार्थी' तिथे वापरला असता तर टीव्हीवाल्या अर्थाशी गोंधळ झाला असता, म्हणून 'आश्रयार्थी'. वकीलसाहेबांची कागदाच्या भिंतीची गोष्ट तळटीपेत टाकली. संपादकांचं उत्तर आलंय: आत चालेल, शीर्षकात मात्र 'शरणार्थी'च राहील.

आता शेवटचं. लेखात पुढे 'रिसेटलमेंट' येतं, म्हणजे पहिल्या आसऱ्याच्या देशातून तिसऱ्याच देशात कायमचं नेऊन वसवणं. पुनर्वसन लिहिलं तर सातारकरांना धरण दिसणार. काय करू?

साताऱ्याचा:
दिसलंच. 'तिसऱ्या देशात वसवणं' असं सरळ लिहा.

निवृत्त मास्तर:
हेच म्हणतो. निर्वासितातला तोच 'वस्' आहे.