भावाच्या गोळ्या बंद कराव्यात का? वजन १६ किलो वाढलंय

सिडकोकर:
नमस्कार मंडळी, नाशिकला सिडकोत राहतो. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, सातपूरला सीएनसी मशीनवर होता. अडीच वर्षांपूर्वी रात्र रात्र झोपेना, मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून तांदळात पुरून ठेवायचा, म्हणायचा कंपनीतली माणसं त्यातून आपलं ऐकतात. आमचे चार महिने इकडेतिकडे गेले, त्र्यंबकला नारायण नागबळीही करून आलो, शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा स्किझोफ्रेनिया निघाला. त्यावरची ओलान्झापिन नावाची गोळी चालू आहे आणि दीड वर्ष एकदम शांत आहे, काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. पण वजन १६ किलोने वाढलंय, सारखी भूक भूक, सकाळी उठवत नाही. मामा म्हणतात बरा झालाय ना, मग गोळ्या कशाला, त्यात आता मुली बघणं सुरू होणार. आणि परवा आईला त्याच्या उशीच्या अभ्र्यात ११ गोळ्या सापडल्या. अजून त्याला काहीच बोललो नाही. बाहेरच्या देशात गोळ्या कमी करण्यावर रिसर्च चाललाय म्हणे, खरंय का?

पंचवटी_ताई:
दादा, आम्ही ही चूक केलीये म्हणून लिहिते. माझ्या वडिलांच्या गोळ्या घरच्यांनीच बंद केल्या, पहिले तीन महिने इतके छान गेले की आम्हाला वाटलं उगाच खात होते. मग हळूहळू चहा प्यायला बाहेर येईनात, मग जेवणाच्या ताटाचा वास घेऊन बघायला लागले, आणि दिवाळीच्या तोंडावर ॲडमिट करावं लागलं. गोळी सोडल्या सोडल्या त्रास झाला असता ना, तर आम्हीच लगेच परत सुरू केली असती, पण मधे इतके दिवस गेले की दोन्हीचा संबंधच लक्षात आला नाही. कृपा करून भावावर चिडू नका, तो का टाळतोय ते आधी विचारा.

वॉर्ड_नंबर_४:
मी मानसोपचार विभागात काम करतो. रिसर्च चाललाय हे खरं, पण त्याचा अर्थ 'बंद करा' असा नाही. २०१२ मधे ६५ ट्रायल्सचे आकडे एकत्र करून बघितले तर वर्षभरात गोळ्या चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला आणि बंद केलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. मग २०१३ मधे नेदरलँड्सचा अभ्यास आला, १०३ पेशंट सात वर्षं बघितले, त्यात सुरुवातीला डोस कमी केलेल्या गटातले ४० टक्के पुढे कामाधंद्यासकट नीट सावरले, डोस चालू ठेवलेल्या गटातले १८ टक्केच. सगळ्यांना आशा वाटली, मलाही वाटली. पण २०२३ मधे ब्रिटनचा रडार नावाचा २५३ लोकांचा अभ्यास आला, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करूनसुद्धा दोन वर्षांनी रोजच्या जगण्यात फरक पडला नाही, आणि आजार उलटणारे मात्र जास्त निघाले. म्हणजे कुणाचं कमी करून चालेल हे आधी ओळखता येईल अशी टेस्ट आजही नाही.

अजून एक, डोस अर्धा केला म्हणून मेंदूवरचा परिणाम अर्धा होत नाही. वरच्या डोसला थोडं कमी केलं तर जेमतेम फरक पडतो, पण खाली खाली येताना शेवटचे एक-दोन मिलिग्रॅम काढले की एकदम मोठा फरक पडतो, म्हणून कमी करायचंच ठरलं तर शेवटाला सगळ्यात सावकाश जायचं. घरी कात्रीने गोळी कापून हे होत नाही.

वजनाचं मात्र गप्प बसून सोसू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चीनमधे २००८ मधे १२८ पेशंटवर अभ्यास झाला, मेटफॉर्मिन आणि खाणं-व्यायाम दोन्ही मिळून दिलं त्यांचं वजन सगळ्यात जास्त उतरलं. ती शुगरचीच गोळी, स्वस्त आहे, पण किडनी वगैरे बघून डॉक्टरांनीच द्यायची. शुगर, कोलेस्टेरॉल तपासा. कमी वजन वाढवणारं दुसरं औषध किंवा महिन्याचं इंजेक्शनही विचारा. आणि त्या ११ गोळ्यांचं डॉक्टरांना नक्की सांगा, नाहीतर औषध लागू पडत नाही समजून ते डोस वाढवतील. मधेच झोप उडाली किंवा संशय परत सुरू झाला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

गोदाकाठ:
लग्नाचं एकच सांगतो, मुलीकडच्यांना आधी सांगून करा. लपवून केलं की पोराला गोळीसुद्धा लपून घ्यावी लागते, आणि मग ती राहूनच जाते.

सिडकोकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गच्चीवर नेऊन त्याला विचारलं. म्हणाला, दादा, दुकान उघडायला नऊला जावं लागतं आणि डोकं इतकं जड असतं की पैसे मोजताना चुकतात, काका बोलतात, म्हणून ज्या रात्री उशीर होईल त्या रात्री टाळायचो. एवढंच होतं. आज डॉक्टरांना फोन केला, सध्या गोळी रात्री आठला घ्यायला सांगितली, राहिलेली भरून काढायला डबल घ्यायची नाही म्हणाले, वजनाचं गुरुवारी बघू. मामांनाही सोबत नेतोय.