हौशी नाटकाचा खर्च शासनाने का उचलावा?

तालीमघर (प्रश्न):
तत्कालीन मुंबई राज्याने १९५४ साली सुरू केलेली राज्य नाट्य स्पर्धा आजही सांस्कृतिक कार्य संचालनालयामार्फत भरते. नाट्यगृहाची व्यवस्था, परीक्षक, पारितोषिके आणि संस्थांना निर्मितीखर्चापोटी मिळणारी रक्कम हे सारे करदात्यांच्या पैशातून होते. तालुक्याच्या गावातील आमची नाट्यसंस्था या स्पर्धेच्या आधारानेच तग धरून आहे. तरीही मागील बैठकीत आमच्याच एका सभासदाने विचारले की, ज्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही, तेथे दोन अंकी नाटकासाठी सरकारने पैसे का द्यावेत? ‘कलेने समाज समृद्ध होतो’ या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. याहून नेमके कारण कोणी मांडू शकेल का?

स्वावलंबी:
माझ्या मते शासनाने यात पडू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत नाटकाची मंडळी उभी केली, ती तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांच्या भरवशावर. आणि मराठी रंगभूमीचा तो काळ आपण आजही अभिमानाने आठवतो. दुसरे म्हणजे, जो पैसे देतो तो आज ना उद्या हुकूमही देतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने अनुवादासाठीचा वाङ्मय पुरस्कार जाहीर केला आणि काही दिवसांतच स्वतंत्र शासन निर्णय काढून तो रद्द केला. तज्ज्ञांच्या समितीने केलेली निवड इतक्या सहज पुसता येत असेल, तर लेखकाने त्या दारात उभे राहावेच कशाला?

पडद्यामागे:
स्वावलंबी, २०२२च्या घटनेबद्दल तुमचा संताप रास्त आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेने १९६७ साली याच राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवले होते. त्या वेळी एखाद्या व्यावसायिक निर्मात्याने अशा नाटकावर पैसे लावले असते, असे मला वाटत नाही. स्पर्धेने मात्र ‘हे चालेल का’ असे न विचारता मंच दिला. नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या याच शासनाच्या परिनिरीक्षण मंडळाने १९७२ साली तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’ची वाट अडवली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच मी म्हणतो की शासनाने नाट्यगृह, प्रकाशयोजनेची सामग्री, तालमीची जागा आणि नवख्या संस्थेची पहिली जोखीम यांवर मुक्तहस्ते खर्च करावा. कोणते नाटक चांगले, हे ठरवण्याचा अधिकार मात्र मंत्रालयाबाहेरच्या माणसांकडे असावा आणि त्यांचा निर्णय फिरवता येणार नाही अशी तरतूद नियमांतच असावी.

किर्लोस्करांच्या काळाचे उदाहरणही अर्धेच आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गायक अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला आणि १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले. तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले. ते पुन्हा उभारावे म्हणून कोल्हापूरकर शासनाकडेच गेले, कारण एवढी वास्तू तिकीटविक्रीतून उभी राहत नाही, हे तेथील प्रत्येक नाट्यवेड्याला ठाऊक आहे. व्यावसायिक नाटक मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा मोजक्या शहरांवर जगते. ज्या तालुक्यात दौरा पोहोचतच नाही, तेथील मुलीने रंगमंचावर पहिले पाऊल कोठे टाकावे?

तालीमघर, तुमच्या सभासदांना एवढेच सांगा की नाटकाचे पैसे बंद केल्याने आरोग्य केंद्रात डॉक्टर येणार नाही. त्या रिक्त पदाची कारणे वेगळी आहेत आणि त्यासाठी वेगळेच भांडावे लागेल.

जुन्नरकर:
ही सारी चर्चा नाट्यगृहातील रंगभूमीभोवतीच फिरते आहे, याची खंत वाटते. आमच्याकडे नारायणगावला दरवर्षी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला तेथे येतात. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते, आणि त्यासाठी फडमालक खासगी कर्ज काढतो. २०२० आणि २०२१ मध्ये जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा व्याज मात्र थांबले नाही. अशा माणसाला पारितोषिकापेक्षा हंगामाच्या तोंडावर मिळणारे कमी व्याजाचे कर्ज अधिक उपयोगी पडेल. शिवाय अर्जाचे कागद भरून घेण्यासाठी तालुक्याला कोणी माणूस नेमला नाही, तर कितीही अनुदान जाहीर केले तरी ते ज्यांना कागदपत्रे जमतात त्यांच्याकडेच जाईल. शासनाने कलेवर खर्च करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो पैसा राहुटीपर्यंत कसा पोहोचणार, हे आधी कोणी सांगावे.