पोटापाण्यासाठी कॅमेरा: खांद्यावर काय, घरी काय?

पुणे, धागाकर्ती
कुठला कॅमेरा घेऊ, या प्रश्नाची उत्तरं बहुतेक वेळा दुकानातून मिळतात. ती दिवसभर कॅमेरा वागवणाऱ्यांकडून यावीत असं मला मनापासून वाटतं. ज्यांचं घर फोटोग्राफीवर चालतं त्यांनी लिहावं: कामावर काय नेता, मुद्दाम काय नेत नाही आणि का. मॉडेलपेक्षा कारण महत्त्वाचं. सुरुवात मी करते.

सोमवती अमावास्येला जेजुरीत भंडारा उधळतात तेव्हा सगळी हवा पिवळी होते. तिथे लेन्स बदलली की आतल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, हळद बसणारच. म्हणून मी दोन बॉड्या (लेन्सशिवायचे कॅमेरे) घेते, एकीवर २४-७० ची झूम लेन्स, दुसरीवर ७०-२०० ची. आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. माझी ७०-२०० झूम करताना लांब होत नाही. २४-७० मात्र पुढे सरकते आणि पंपासारखी हवा आत ओढते, म्हणून तिच्यावर पारदर्शक पिशवी आणि रबरबँड. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. ओलं फडकं लावू नका, हळद भिजली की डाग धरते.

सातारा, वृत्तछायाचित्रकार
आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. मी गाडीनं पुढे जाऊन थांबत नाही, दिंडीबरोबर चालतो, त्यामुळे काय घ्यायचं ते पायच ठरवतात. एक बॉडी, ३५ आणि ८५ च्या दोन लेन्स, बास. ७०-२०० लागते ती रिंगणाला. अश्व धावतो तेव्हा कडेला उभं राहून दुसरी कुठली लेन्स पोचत नाही. एरवी ती दिंडीच्या ट्रकमध्ये वळकटीत असते.

दिवे घाटातली नागमोडी रांग लांबच्या लेन्सनं छान येते, पण ती सगळ्यांकडे असते. मला चढणीला धाप लागलेली, तरी मुखी नाम असलेली माउली जवळून हवी असते. मोठी लेन्स रोखली की माणूस आखडतो. ३५ घेऊन शेजारून चालत राहिलं की तो आपल्याला विसरतो. माझ्या मते माणसांचं काम करणाऱ्यानं पहिली लेन्स हीच घ्यावी.

मुक्कामी चार्जिंगच्या बोर्डाभोवती सगळ्यांचे मोबाइल असतात. तेव्हा जादा बॅटऱ्या हव्यात आणि पॉवरबँकवर चालणारा चार्जर हवा. पावसाला वारकऱ्यांसारखाच प्लास्टिकचा कागद. तो अंगालाही होतो, कॅमेऱ्यालाही.

इचलकरंजी, लग्नाची कामं
अंतरपाट दूर होतो, हार पडतात, क्षणात सगळं उरकतं. 'परत एकदा घाला' म्हणायला मला जिवावर येतं. म्हणून माझी पहिली अट दोन कार्डांची बॉडी, प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर. मेगापिक्सेल नंतर बघू, अल्बमच्या जोडपानालाही २४ पुरतात.

७०-२०० मी केवळ वजनासाठी बदलली. सोनीच्या जीएम या महागड्या मालिकेतली पहिली ७०-२०० १४८० ग्रॅम, दुसरी १०४५. हे ४३५ ग्रॅम कागदावर किरकोळ वाटतात, पण हळदीपासून पाठवणीपर्यंत मनगटाला कळतात. एवढी महाग लेन्स घेण्याआधी ती भाड्यानं आणून सलग कामांना वापरून बघा. पट्टा गळ्यात नको, दोन्ही खांद्यांवरचा हार्नेस घ्या. गळ्यातलं वजन मानेला येतं.

धागाकर्ती
ताई, हार्नेसबरोबर कपड्यांचं कसं जमवता?

इचलकरंजी
कामाला ओढणी घेतच नाही गं, हुकात अडकते. कुर्त्याला मोठे खिसे शिवून घेतलेत. एकात भरलेली कार्डं, दुसऱ्यात कोरी.

चंद्रपूर, वन्यजीव
ताडोबात जिप्सीमध्ये ट्रायपॉडला जागाच नसते. बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, घ्या. बाहेरगावाहून येताना रिकामी आणा, इथं तांदूळ भरा. निकॉनची २००-५०० ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम आहे, ती हातात धरून वाघाची वाट बघणं होत नाही. धुळीसाठी वरून उशीचा अभ्रा. वाघ दिसला की इंजिन बंद करा, हे ड्रायव्हरभाऊंना निघतानाच सांगून ठेवा, कारण चालू गाडीची थरथर लेन्समधल्या स्टॅबिलायझरनं (हलणं सावरणाऱ्या यंत्रणेनं) पूर्ण जात नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते आणि त्या हवेतून लांबचा वाघ कितीही महागड्या लेन्सनं स्पष्ट येत नाही. मोठी लेन्स घेऊ का असं विचारणाऱ्या पाहुण्यांना मी म्हणतो, तोच पैसा सकाळच्या फेऱ्यांवर घाला.

मुंबई, औद्योगिक
विमानात सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, टोकं झाकून केबिनमध्येच न्याव्या लागतात. देशांतर्गत केबिन बॅगेला बहुधा ७ किलोची मर्यादा असते. मी बॉड्या, लेन्स, कार्डं केबिनमध्ये ठेवतो. लाइटचे स्टँड आणि प्रकाश पसरवायच्या छत्र्या चेक-इनमध्ये जातात, हरवल्या तर त्या गावात मिळतात.

मालवण, स्टुडिओ आणि बाहेरची कामं
आमच्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे खडे गुलाबी झाले की ते ओलावा धरून बसलेत, तापवले की परत निळे होतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या तव्यावर अजिबात नको, भांडं वेगळं ठेवा. एसीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. आणि चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, बुरशी आधी चामड्यालाच धरते.