टी३८.३एक्स: इन्सुलिनमुळे साखर उतरली, तर पहिला कोड ई११ चा की टी चा?

कोडकिडा यांचा प्रश्न

आयसीडी-१०-सीएम (अमेरिकेतली निदानांच्या कोडांची पद्धत), इनपेशंट म्हणजे दाखल रुग्णाचा चार्ट. टाइप २ मधुमेह. रुग्णाला रात्री ग्लार्जिन इन्सुलिन ३० युनिट, जेवणाआधी लिस्प्रो इन्सुलिन ८ युनिट आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. साखर ३८ मिग्रॅ/डेसिलीटर, रुग्ण गोंधळलेला, पण शुद्धीवर. डिस्चार्ज समरीत एवढंच लिहिलंय: 'इन्सुलिनमुळे हायपोग्लायसेमिया'. नर्सच्या नोंदीत मात्र वेगळीच गोष्ट आहे. रात्री इन्सुलिनच्या पेनांची अदलाबदल झाली आणि ग्लार्जिनऐवजी लिस्प्रोचे ३० युनिट घेतले गेले.

एक मत असं की ई११.६४९ (टाइप २ मधुमेहात हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर उतरणं, कोमा नाही) आधी, मग टी३८.३एक्स५ए (इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा अ‍ॅडव्हर्स इफेक्ट). दुसरं मत असं की टी३८.३एक्स१ए (त्याच औषधांचं चुकून झालेलं पॉइझनिंग) आधी. टी३८.३एक्स५ए पहिला येऊ शकत नाही हे माहीत आहे, वाद तो नाही. चार्टवर हे नक्की काय धरायचं, अ‍ॅडव्हर्स इफेक्ट की पॉइझनिंग?

शिवाय झेड७९.४ (इन्सुलिन कायम चालू) आणि झेड७९.८४ (मधुमेहाच्या गोळ्या कायम चालू) दोन्ही लावायचे का? जुन्या नोट्समध्ये 'इन्सुलिन असेल तर फक्त झेड७९.४' असं आहे.

---

सहावा_अंक

आधी एकच प्रश्न विचारा: औषध लिहून दिलं तसंच घेतलं का? सहावा अंकही त्यावर ठरतो आणि कोडांचा क्रमही.

डोस बरोबर, औषध बरोबर, मार्ग बरोबर, तरी त्रास झाला: अ‍ॅडव्हर्स इफेक्ट. आधी त्रासाचा कोड, मग टी३८.३एक्स५. डोस चुकला, भलतंच औषध गेलं किंवा चुकीच्या मार्गाने गेलं: पॉइझनिंग. तेव्हा टी कोड पहिला आणि त्रास त्याच्यामागे. पॉइझनिंगमध्ये हेतूही बघायचा. चुकून घेतलं तर १, स्वतःला इजा करण्यासाठी २, दुसऱ्याने मुद्दाम दिलं तर ३. ४ हा अंक 'आम्हाला कळलं नाही' म्हणून वापरायचा नाही. हेतू ठरवता येत नाही असं प्रोव्हायडरने (उपचार करणाऱ्या डॉक्टरने) स्वतः लिहिलं असेल तरच ४. चार्टमध्ये हेतूबद्दल काहीच नसेल तर १ धरायचा. सांगितल्यापेक्षा कमी घेतलं किंवा बंदच केलं तर ६, म्हणजे अंडरडोसिंग.

तुमच्या चार्टमध्ये लिस्प्रोचे ३० युनिट ग्लार्जिनच्या जागी गेले असतील तर ते 'चुकून दुसरं औषध', म्हणजे सरळ पॉइझनिंग. ग्लार्जिनचे ३० युनिट दिवसभर हळूहळू काम करतात, लिस्प्रोचे तेवढेच युनिट काही तासांतच साखर खाली ओढतात. पेनवरचा आकडा तोच राहिला म्हणून 'डोस बरोबर होता' असं होत नाही.

पण ही माहिती फक्त नर्सच्या नोंदीत आहे, गाडी तिथेच अडते. तिच्या भरवशावर पॉइझनिंग कोड करता येत नाही. आणि ती वाचूनही डोळेझाक करून ५ लावणं तितकंच चूक. क्वेरी टाका, म्हणजे प्रोव्हायडरला लेखी विचारा. क्वेरीत उत्तर सुचवू नका. दोन्ही नोंदी तारीख-वेळेसह समोर ठेवा आणि विचारा की इन्सुलिन कसं घेतलं गेलं. पर्याय ठेवा: लिहून दिल्याप्रमाणे, चुकून वेगळं औषध किंवा वेगळा डोस, इतर, ठरवता येत नाही.

उत्तर 'चुकून' आलं तर टी३८.३एक्स१ए, ई११.६४९, मग झेड कोड. 'लिहून दिल्याप्रमाणे' आलं तर ई११.६४९, टी३८.३एक्स५ए, मग झेड कोड. गोंधळलेली अवस्था म्हणजे कोमा नव्हे. ई११.६४१ साठी कोमा असं लिहिलेलं हवं.

---

झेड_कोडवाली

झेड७९ चा नियम बदलला, तुमच्या नोट्स बदलल्या नाहीत. आता गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही चालू असतील तर झेड७९.४ आणि झेड७९.८४ दोन्ही लावायचे. १ ऑक्टोबर २०२२ पासून झेड७९.८५ आला, इन्सुलिन नसलेल्या मधुमेहाच्या इंजेक्शनांसाठी. सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड, लिराग्लुटाइड आठवड्याला किंवा रोज टोचून घेतात ती त्यात. तीच सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात असेल तर झेड७९.८४. औषधाच्या नावावर जाऊ नका, ते घ्यायचं कसं ते बघा. इन्सुलिन आणि असं इंजेक्शन असेल तर ७९.४ आणि ७९.८५. गोळ्या आणि इंजेक्शन असेल तर ७९.८४ आणि ७९.८५.

सर्वात जास्त चूक होते ती वॉर्डातल्या स्लायडिंग स्केलवर (साखरेच्या आकड्याप्रमाणे इन्सुलिन देणं). घरी फक्त गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची साखर अ‍ॅडमिशनमध्ये चढली आणि तात्पुरतं इन्सुलिन दिलं, तर झेड७९.४ नाही. डिस्चार्जच्या औषधांच्या यादीत इन्सुलिन आहे का ते बघा. एमएआरवर (वॉर्डात दिलेल्या औषधांच्या नोंदीत) दिसलं म्हणून लावू नका.

आणि इन्सुलिन चालू आहे म्हणून टाइप १ समजू नका. प्रकार लिहिलेला नसेल तर डिफॉल्ट ई११.

---

कोडकिडा

दोघांचेही आभार, क्वेरी टाकते. त्याच धाग्यातला एक अवघड प्रकार: ग्लार्जिन बरोबर घेतलं, लिस्प्रोही बरोबर ८ युनिट, पण नंतर जेवण झालंच नाही. साखर उतरली. हे पॉइझनिंग का? लिस्प्रो तर 'जेवणासोबत' असं लिहून दिलेलं असतं.

---

सहावा_अंक

पॉइझनिंगच्या व्याख्येत येतं ते औषधाचं चुकीचं वापरणं: जास्त डोस, भलतंच औषध, चुकीचा मार्ग. जेवण चुकणं त्यात सरळ बसत नाही. प्रोव्हायडरने 'इन्सुलिनमुळे हायपोग्लायसेमिया, जेवण चुकलं' एवढंच लिहिलं असेल तर माझं मत ई११.६४९ आणि टी३८.३एक्स५ए.

---

रात्रपाळी_ऑडिटर

इथे थोडा असहमत. 'जेवणासोबत' हा सूचनेचाच भाग असेल आणि प्रोव्हायडरने 'सूचनेप्रमाणे घेतलं नाही' असं स्पष्ट लिहिलं असेल, तर ५ टिकवणं अवघड आहे. तेवढं स्पष्ट नसेल तर मात्र तुमचंच बरोबर. स्वतःहून १ लावू नका.

दारू असेल तर चित्र बदलतं. इन्सुलिन बरोबर घेतलं, वर दारू प्यायली आणि दोन्हींच्या एकत्र परिणामाने साखर उतरली असं लिहिलं असेल तर ते पॉइझनिंग. टी३८.३एक्स१ए सोबत दारूचा टी५१.०एक्स१ए.

एक बारीक गोष्ट. इन्सुलिन आणि ग्लिपिझाइड (साखर उतरवणारी गोळी) दोन्ही जास्त झाले तरी टी३८.३एक्स१ए एकदाच. दोन्ही औषधं त्याच कोडात येतात, तोच कोड दोनदा लिहायचा नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनचे ई१६.ए१, ए२, ए३ विसरू नका. हायपोग्लायसेमियाची पातळी सांगणारे हे कोड ई११.६४९ च्या मागे लावायचे, कधीही एकटे नाहीत. पहिली पातळी ७० च्या खाली पण ५४ किंवा वर, दुसरी ५४ च्या खाली. तिसरी आकड्यावर अवलंबून नाही: मानसिक किंवा शारीरिक अवस्था बिघडून दुसऱ्याची मदत लागली, हा तिचा निकष. म्हणूनच साखर ३८ दिसली की ए२ असं आपण ठरवायचं नाही. तोच रुग्ण गोंधळलेला होता, मदत लागली, तर ए३ होतो. पातळी प्रोव्हायडरने लिहिलेली हवी. क्वेरी टाकतच आहात, तर हाही प्रश्न त्यात घाला.

---

पंपवाले

इन्सुलिन पंप (नळीने शरीरात इन्सुलिन सोडणारं यंत्र) बिघडला की टी३८ पहिला नसतो. पहिला टी८५.६ गटातला. पंप बंद पडला किंवा मोडला तर टी८५.६१४ए, सरकला किंवा निघाला तर टी८५.६२४ए, गळती असेल तर टी८५.६३३ए, अडथळा किंवा इतर यांत्रिक बिघाड असेल तर टी८५.६९४ए. त्यानंतर इन्सुलिन कमी गेलं तर टी३८.३एक्स६ए, जास्त गेलं तर टी३८.३एक्स१ए. मग मधुमेह आणि गुंतागुंतीचा कोड.

उदाहरण: टाइप १, नळीला पीळ बसून इन्सुलिन थांबलं, केटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) झाला, कोमा नाही. टी८५.६९४ए, टी३८.३एक्स६ए, ई१०.१०. इथे ई१०.१० पहिला घालण्याचा मोह होतो, कारण रुग्ण दाखल झाला तो केटोअ‍ॅसिडोसिससाठी. नियम तरीही पंपाच्या बाजूने.

पंप ठीक आहे आणि रुग्णानेच डोस कमी केला, तर चित्र उलटं. अंडरडोसिंगचा टी कोड कधीच पहिला येत नाही. खर्च परवडत नाही म्हणून अर्धाच डोस घेतला आणि साखर चढली: ई११.६५ (टाइप २, साखर चढलेली), टी३८.३एक्स६ए, झेड९१.१२०. इतर कारणाने मुद्दाम कमी केला तर झेड९१.१२८. वयोमानाच्या दुर्बलतेमुळे विसर पडला तर झेड९१.१३०, नकळत पण वेगळ्या कारणाने तर झेड९१.१३८. 'नॉनकम्प्लायंट' एवढाच शब्द असेल तर यांतला कुठलाही लावता येत नाही, कारण हेतू माहीत नाही. अंडरडोसिंग उपचार देणाऱ्यांच्या चुकीने झालं असेल तर वाय६३.६.

'अनकंट्रोल्ड डायबिटीस' वाचून लगेच ई११.६५ लावू नका. साखर चढलेली की उतरलेली ते लिहिलं नसेल तर क्वेरी. 'पुअरली कंट्रोल्ड' असेल तर मात्र ई११.६५ चालतो.

---

रात्रपाळी_ऑडिटर

अजून काही सापळे.

मधुमेह नसलेल्या मुलाने घरातल्या ग्लिपिझाइडच्या गोळ्या खाल्ल्या: टी३८.३एक्स१ए, मग ई१६.०. कोमा असेल तर ई१५. ई११ कुठेही येत नाही.

एम्पाग्लिफ्लोझिनसारखं मधुमेहाचं औषध बरोबर घेऊन केटोअ‍ॅसिडोसिस झाला आणि प्रोव्हायडरने तो औषधाशी जोडला: ई११.१०, टी३८.३एक्स५ए. साखर जेमतेम २०० असेल म्हणून केटोअ‍ॅसिडोसिसवर शंका घेणं कोडरचं काम नाही, अशा औषधांनी तो साखर फारशी न चढताही होतो.

मेटफॉर्मिनमुळे बी१२ ची कमतरता, अ‍ॅनिमिया नाही: ई५३.८ आणि टी३८.३एक्स५ए.

स्टेरॉइडने साखर चढली तर टी३८.३ नाही, टी३८.०. आधीपासून टाइप २ असेल तर ई११.६५ आणि टी३८.०एक्स५ए. मधुमेह नसेल तर आर७३.९ आणि टी३८.०एक्स५ए.

आणि सातवं अक्षर. सक्रिय उपचार चालू असेपर्यंत ए. फॉलोअपला डी, मागे राहिलेल्या परिणामासाठी एस. दुसऱ्या डॉक्टरने पहिल्यांदा पाहिलं किंवा रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला तरी सक्रिय उपचार असेल तर ए च.

---

कोडकिडा

क्वेरीचं उत्तर आलं: 'रुग्णाने ग्लार्जिनऐवजी चुकून लिस्प्रो घेतलं, लेव्हल ३.' म्हणजे टी३८.३एक्स१ए, ई११.६४९, ई१६.ए३, झेड७९.४, झेड७९.८४. ई११.६५ कुठेच नाही, साखर चढल्याची नोंद नाही.

---

सहावा_अंक

बरोबर. क्वेरी आणि उत्तर दोन्ही चार्टला जोडलेले आहेत का ते फायनल करण्याआधी बघा.