बाळंतपणाच्या खोलीतला दुजाभाव प्रशिक्षणाने जाईल का?

मलप्रभाकाठ
कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदा झाला. प्रसूती विभागातल्या डॉक्टर-नर्सना सुप्त पूर्वग्रहाचं, म्हणजे आपल्याही नकळत मनात बसलेल्या समजुतींचं, प्रशिक्षण सक्तीचं केलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायका बाळंतपणात गोऱ्या बायकांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात दगावतात, आणि शिकलेल्या, पैसेवाल्या घरातही हा फरक मिटत नाही. माझं म्हणणं, आपल्या सीमाभागात हे प्रशिक्षण हवंच.

माझ्या वहिनीचं तिसरं बाळंतपण खानापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात झालं. सोबत मीच होते. वॉर्डात आणल्यावर तासा-दीड तासाने ती म्हणाली, "अगं, पाय गार पडलेत, डोळ्यांपुढं काळं येतंय." मी पळत सिस्टरांकडे गेले. "तिसरं ना? अशक्तपणा असतोय तेवढा. चहा-बिस्कीट द्या." शेजारच्या खाटेवर एका मास्तरांची सून होती, पहिलटकरीण. तिने जरा बरं वाटत नाही म्हटलं तर लगेच बीपी बघितलं. मी वहिनीच्या अंगाखालचं जुनं लुगडं उचललं तर रक्त गादीपर्यंत गेलेलं. मग १०८, बेळगाव, रक्ताच्या चार पिशव्या. वाचली.

त्या सिस्टर मराठीच होत्या, म्हणून हे भाषेवर ढकलू नका. तिसरी खेप, जंगलातलं गाव, हातात फाटकी पिशवी. एवढ्यावर "हिला सवय आहे" असं ठरून गेलं होतं.

रात्रपाळी
ताई, वाचून पोटात कालवलं. पण मी सोळा वर्षं लेबर रूममध्ये आहे, माझंही ऐका. रात्री मी एकटी, टेबलं दोन, शिवाय वॉर्डातल्या बाळंतिणी माझ्याच अंगावर. एकीचं डोकं दिसायला लागलंय आणि दुसरीला झटके येतायत, तेव्हा तिसरीला चहा घे म्हणणारी बाई दुष्ट नसते, ती पुरत नसते. बाळंतिणीशी सन्मानाने वागा हे केंद्राच्या 'लक्ष्य' या प्रसूतिगृहं सुधारण्याच्या कार्यक्रमात २०१७ पासून लिहिलेलं आहे. आमच्याकडे त्याचा तक्ता भिंतीवर आहे. आणखी एक प्रशिक्षण म्हणजे दिवसभर पडद्यावरची चित्रं, सही आणि जेवणाचं पाकीट. त्या दिवशी वॉर्डात कोण असणार? आम्हाला माणसं द्या.

गणितमास्तर
रात्रपाळींशी सहमत, कारण मात्र वेगळं. सुप्त पूर्वग्रह बदलण्याच्या ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला. पूर्वग्रह मोजणाऱ्या चाचणीतले गुण थोडे हलतात, पण त्यामुळे वागणूक बदलते असं त्यात दिसलं नाही. उलट २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, ८० रुग्णालयांत एक प्रयोग झाला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची आणि ठरलेल्या खुणेवर रक्त गेलं की सगळे उपचार एकदम सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. पिशवी कितवी खेप आहे ते विचारत नाही.

२०१८-२० च्या आकड्यांत लाख जिवंत जन्मांमागे कर्नाटकात ६९ माता गेल्या, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. एवढी तफावत नर्सच्या मनात शोधायची, की रक्तसाठ्यात आणि भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या जागेत?

आशा_निपाणी
भाषेचंही आहे हो, सगळंच बाजूला सारू नका. आमची बाई मोठ्या दवाखान्यात पाठवली की पुढचे डॉक्टर म्हैसूरकडचे. ती म्हणते "गरगरतंय", ते मान हलवतात, कागदावर काहीच येत नाही. मी माझ्या गरोदर बायांना नवव्या महिन्यात कानडी पाठ करून घेते: दुखतंय म्हणजे 'नोवु', चक्कर येते म्हणजे 'तले तिरुगुत्ते'. पण तिनं का शिकायचं कळा देता देता? सोबतीण आत घ्या म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलंय, तरी आम्हाला दारातच उभं करतात.

मलप्रभाकाठ
मास्तर, पिशवी यावीच, मी आडवी येणार नाही. पण ती टेबलावर लावतात. वहिनीचं रक्त वॉर्डात गेलं, म्हणजे पिशवी लावली असती तरी ती काढल्यावरच. तिथे माप एकच होतं, ती स्वतः. ती बोलली, मी बोलले, आणि आमच्या बोलण्याला किंमत नव्हती. आणि रात्रपाळी, माणसं कमी होती हे खरंच. पण त्याच रात्री, त्याच सिस्टरांना शेजारच्या खाटेसाठी दोन मिनिटं मिळाली.

गणितमास्तर
शेजारच्या खाटेचा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी एक दिवसाच्या वर्गाने तो सुटेल हे मी मानणार नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक बाळंतिणीची नाडी-बीपी कागदावर, वेळेसकट, आणि तो कागद खाटेलाच टांगलेला. मग रिकामा रकाना कुणालाही दिसेल.

रात्रपाळी
तो कागद आमच्याकडे आहे, मास्तर. पहाटे एका बैठकीत भरला जातो. मीही भरलाय.

ताई, एक विचारते. वहिनींच्या पोटावर हात ठेवून गर्भपिशवी घट्ट झालीय का, हे कुणी बघितलं होतं का?

मलप्रभाकाठ
नाही. सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून बोलल्या, तिथूनच गेल्या.

रात्रपाळी
बाळंतपणं जास्त झाली की गर्भपिशवी सैल पडायचा धोका वाढतो, हे आम्हाला शिकवतात. म्हणजे 'तिसरं ना' हे ऐकून आधी हात पोटावर जायला हवा होता. शिकलेलं होतं, आणि नेमकं उलटं झालं. कालपासून हेच डोक्यात आहे. दिवसभराचा वर्ग मला अजूनही नको. पण तुम्ही जे वर लिहिलंत, ते आमच्या पाळी बदलताना, पाच मिनिटं, असंच्या असं वाचून दाखवू का? नाव-गाव काढून.

मलप्रभाकाठ
वाचा. लुगड्याचं सोडू नका.