पहिल्याच व्हिडिओ भेटीत अँटिबायोटिक लिहावं का?

मार्जारवैद्य
प्राणी एकदाही हातात घेतलेला नाही, सगळी तपासणी व्हिडिओवर, आणि शेवटी पाच दिवसांचं अँटिबायोटिक. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या भेटीत नाहीच.

एकच उदाहरण घ्या. बोका सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, लघवी थेंब थेंब आणि लालसर. 'इन्फेक्शन असेल' म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह हे अँटिबायोटिक दिलं जातं. दहा वर्षांखालच्या मांजरांत या लक्षणांमागे जंतू क्वचितच सापडतात. बहुतेक वेळा इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे जंतूंशिवाय, नेमकं कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज असते, आणि बोक्यात मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तुंबलेलं मूत्राशय पोटावर हात फिरवताच टणक गोळ्यासारखं लागतं. कॅमेऱ्याला ते कसं लागणार? गोळी देऊन 'दोन दिवस बघा' म्हटलं, की त्या दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि बोका दगावतो.

त्वचा_आणि_स्लाइड
बोक्याबद्दल वादच नाही. कुंथणारा बोका म्हणजे त्याच तासाला दवाखाना, औषधाची चर्चाच नको. पण त्यावरून सरसकट नियम काढणं मला पटत नाही.

दवाखान्यात प्राणी टेबलावर असतानाही त्वचेवरचा नमुना काचपट्टीवर (स्लाइडवर) घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली न बघता सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक लिहिलं जातंच ना? मांजराला सेफोव्हेसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन टोचून मोकळं होतात. एका डोसचा परिणाम सुमारे 14 दिवस, आणि ते तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, म्हणजे माणसांसाठी राखून वापरायच्या गटातलं. व्हिडिओवर किमान ते तरी टोचता येत नाही.

कुत्र्याच्या पोटावरचे पुरळ, कडेने पापुद्रे सुटलेली गोल वर्तुळं चांगल्या उजेडातल्या फोटोत छान दिसतात. अशा वरवरच्या पायोडर्माला (त्वचेच्या जंतुसंसर्गाला) आधी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू, 2 ते 4 टक्के, आठवड्यातून दोन-तीनदा. फेस अंगावर पूर्ण 10 मिनिटं राहायला हवा, घड्याळ लावून. बहुतेक जण दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि मग 'शाम्पूने फरक नाही' म्हणून गोळ्या सुरू होतात. हे समजावून सांगायला व्हिडिओ पुरतो.

मार्जारवैद्य
तुम्ही दिलेलं उदाहरण अँटिबायोटिक *न* लिहिण्याचं आहे, मॅडम. तिथे आपण एकाच बाजूला आहोत. शाम्पूने दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही, तर पुढे काय? स्लाइडवर कोकाय (गोल जंतू) दिसतात की मॅलॅसेझिया (यीस्ट बुरशी), त्वचा खरवडून माइट्स (सूक्ष्म किडे) निघतात का, आणि मेथिसिलिनला न जुमानणारा, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू असेल तर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं. यातलं काहीही फोटोवर होत नाही.

कानाचंही तेच. पडदा शाबूत आहे की नाही हे ओटोस्कोपशिवाय (कानात बघायच्या उपकरणाशिवाय) कळत नाही, आणि फाटलेल्या पडद्यातून जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आत गेलं तर बहिरेपण येऊ शकतं.

डोस_तपासा
दोघांच्याही बोलण्यातून वजन निसटलं. व्हिडिओवर ते मालकाच्या अंदाजाने लिहिलं जातं. कुत्रा '12 किलो असेल' म्हणतात आणि भरतो 17. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह 12.5 मि.ग्रॅ. प्रति किलोने एका वेळी 212 मि.ग्रॅ. हवं तिथे 150 जातं. उलटं मांजरात: '5 किलो' धरून एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक 25 मि.ग्रॅ. दिलं आणि मांजर निघालं 3.2 किलोचं, तर किलोमागे जवळपास 8 मि.ग्रॅ. झाले. मांजरात दिवसाला किलोमागे 5 मि.ग्रॅ.च्या वर गेलं की रेटिनाला (डोळ्याच्या पडद्याला) इजा होण्याचा धोका वाढतो, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.

म्हणून कॅमेरा सुरू असतानाच पिंजऱ्यासकट वजन करायला लावा, मग रिकाम्या पिंजऱ्याचं, आणि वजाबाकी करा. समोर ससा असेल तर तोंडाने अमॉक्सिसिलिन कुठल्याही वजनाला नाही. आतड्यातले उपयोगी जंतू मरून क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू माजतो आणि ससा जातो.

त्वचा_आणि_स्लाइड
हे पटलं. पण मग वजन, हिरडी, श्वास हे सगळं व्हिडिओवर घेता येतं, हेही माना. जुलाब झालेला कुत्रा घ्या. हिरडी बोटाने दाबायला सांगा; पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या आत. ताप नाही, पाणी पितोय, हाकेला येतोय, तर शीमध्ये थोडं रक्त दिसलं तरी मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची गरज नसते. उलट त्याने आतड्यातल्या जंतूंची घडी बिघडते. हाच कुत्रा दवाखान्यात आणला की 'एवढ्या लांबून आलोय, काहीतरी द्या' असा आग्रह होतो आणि हात ढिला पडतो.

मार्जारवैद्य
तोच आग्रह व्हिडिओवर जास्त असतो, कारण मालकाच्या हातात इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही, फक्त कागद येतो.

तरी एक सवलत देतो. कुत्रीला आधी प्रत्यक्ष तपासलंय, आता वारंवार लघवी होतेय. मालकाने मधल्या धारेतली लघवी स्वच्छ डबीत धरावी, फ्रिजमध्ये ठेवावी, त्याच दिवशी लॅबला पोचवावी. सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या पेशी आणि जंतू दोन्ही दिसले, तर साधं अमॉक्सिसिलिन 3 ते 5 दिवस, व्हिडिओवरून. चौदा दिवस नाही.

डोस_तपासा
आणि कल्चरचा नमुना पहिल्या गोळीच्या आधीचा. गोळी गेल्यावर घेतलेल्या लघवीत काही वाढलं नाही, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

त्वचा_आणि_स्लाइड
मग नियम 'पहिली भेट' असा नको, 'नमुना हातात आहे का' असा लिहा. तो दवाखान्यातल्या टेबलालाही लावा, मी आत्ता सही करते.