जुनी फोर्ड मस्टँग जीटी की स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस?

कोल्हापुरात सेकंडहँड गाडी घ्यायची आहे, आई-बाबा धरून घरची चौघं बसली पाहिजेत, मेंटेनन्स कुठलीचा झेपेल?

> मस्टँगचा नाद खुळा, ५ लिटर व्ही८ इंजिनचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतोय, पण दोनच दरवाजे, पुढची सीट सरकवून आईंना वाकून मागं बसवणार काय? फोर्डनं २०२१ ला इथलं प्रॉडक्शन बंद करायचं ठरवलं, पार्टचंही बघ.

> आरएस घे भावा. २३० पीएस ताकद, गगनबावड्याच्या घाटात लई मजा. फक्त डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल ६० हजार किमीला बदललंय का ते बिलात बघच, आणि इंजिन थंड असताना चालवून बघ, पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके देत असेल तर सोडून दे, मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) खराब निघालं की खिसा रिकामा.

> टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाच, टायर बनल्याचा आठवडा आणि साल असतंय.